36 टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि टॉवेलखालचा हात: करवीर तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण करवीर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितोय. नावं बदलली आहेत, गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आम्ही काही जण कोल्हापुरात दिव्यांगांना कागदपत्रांसाठी मदत करतो, त्यातून हे प्रकरण आमच्याकडे आलं. असली कामं करणाऱ्यांना आणि घरात कुणासाठी दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करायचा असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून टप्प्याटप्प्यानं मांडतो.

पार्श्वभूमी

बाळूदादा, वय 47. ऐन तारुण्यात गुऱ्हाळावर कामाला होते. चरकात ऊस घालताना उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मालकानं दवाखान्याचा खर्च केला, दोन महिने घरी बसवलं आणि पुढच्या हंगामात परत कामावर घेतलं. कर्मचारी भरपाई कायदा 1923 चा आहे, त्याखाली दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो, हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं ना त्यांच्या घरच्यांना. तो विषय तिथंच संपला.

2023 च्या पावसाळ्यात मोटरसायकल घसरली आणि उजव्या गुडघ्याजवळचं हाड मोडलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली, प्लेट बसली. पण गुडघा पुरता वाकत नाही. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, बांधावरून चालताना काठी लागते. गुऱ्हाळ सुटलं, शेतमजुरीही सुटली. घरात बायको (आम्ही त्यांना वहिनी म्हणतो), एक मुलगी बारावीला, एक मुलगा आठवीला. दोन म्हशी आहेत, दूध गावातल्या संस्थेत जातं. वहिनी भांगलणीला जातात. एक एकर शेत आई आणि दोघा भावांच्या नावावर सामाईक आहे, ते धाकटा भाऊ बघतो.

कुणीतरी सांगितलं, "संजय गांधीचा पगार सुरू करून घ्या." पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान. मग जानेवारी 2025 मध्ये तालुक्यातल्या एका तपासणी शिबिरात दादांनी नाव घातलं. अर्ज यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर भरला गेला होता, आता प्रमाणपत्र त्याच मार्गानं मिळतं. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं: 36 टक्के.

अडचण

दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे, पण बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के लागतात. यूडीआयडी कार्डाच्या रंगावरूनही ते कळतं: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि त्यावर निळं. दादांचं कार्ड पांढरं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला 40 लागतात, एसटीच्या सवलतीला 40 लागतात. चार टक्क्यांवर सगळं अडलं होतं.

ते आमच्याकडे आले ते डॉक्टरांवर चिडूनच. "काठीबिगर चालता येत न्हाई, आन् ह्यो म्हणतोय छत्तीस." अशा वेळी आम्ही आधी प्रमाणपत्र बघत नाही, अर्ज आणि त्याला जोडलेले कागद बघतो. अर्जात बाधित भाग म्हणून फक्त पाय लिहिलेला होता. सोबत शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आधार, रेशन कार्ड. हाताचा कुठंच उल्लेख नाही.

दादा समोर बसले होते तेव्हाही त्यांचा उजवा हात मांडीवर, आणि त्यावर टॉवेल. ती त्यांची जुनी सवय. शिबिरातही ते तसेच बसले असणार. पाय दाखवायला गेलेला माणूस पाय दाखवून आला. हाताबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते जुनं हाय. त्येचं काय आता?"

म्हणजे डॉक्टरांनी जे समोर आलं ते मोजलं होतं. मोजणी चुकीची म्हणावी असं आम्हाला त्या कागदांत काही दिसलं नाही. पण ती अर्ध्याच माणसाची मोजणी होती. दिव्यांगतेला बरेच जण शेवटच्या अपघाताचं नाव देतात. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बोटानं जगायची सवय झालेली असते, त्यामुळे ते मोजायची गोष्ट आहे हे डोक्यातच येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गावातल्याच एका एजंटानं दिला होता: पैसे द्या, 45 करून देतो. दादा त्याला हो म्हणण्याच्या बेतात होते. गंमत म्हणजे शेवटी खरोखरच 45 झाले, पण रस्ता वेगळा होता. खोट्या मार्गानं दिव्यांगांसाठीचा लाभ घेणं हा 2016 च्या कायद्याच्या कलम 91 खाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असली प्रमाणपत्रं फेरतपासणीत उघडी पडतात आणि मिळालेले पैसे वसूल होतात ते वेगळंच. हा पर्याय सोडून द्या एवढंच सांगून आम्ही थांबलो नाही. एजंट जे विकत होता ते दादांचं हक्काचं असू शकतं, हे समजावून सांगितलं. त्याचा परिणाम कायद्याच्या धाकापेक्षा जास्त झाला.

दुसरा पर्याय अपिलाचा. प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर कलम 59 खाली अपील करता येतं, त्याला निर्णयापासून 90 दिवसांची मुदत आहे. अडचण अशी की अपील म्हणजे झालेल्या मोजणीवर आक्षेप. इथं आक्षेप मोजणीवर नव्हताच, न मोजलेल्या भागाबद्दल होता.

तिसरा, दुसऱ्या व्यंगाचे कागद जोडून वैद्यकीय मंडळाकडे फेरतपासणीची मागणी करायची. चौथा, 36 वर समाधान मानून 40 टक्क्यांची अट नसलेलं काही मिळतंय का बघायचं. दादांच्या परिस्थितीत त्यातून हाताला फारसं काही लागणार नव्हतं.

ठरलं ते असं: आधी फेरतपासणी मागायची, पण अपिलाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवायची. फेरतपासणी रेंगाळली तर त्या तारखेच्या आत अपील करायचं. दोन्हीपैकी एकच धरून बसलं की दुसऱ्याची मुदत निघून जाते, हे आम्ही इतरांच्या बाबतीत पाहिलेलं आहे.

दुसरी तपासणी

हाताचा कागद मिळवणं हे यातलं सगळ्यात चिवट काम. गुऱ्हाळाच्या वेळचा दवाखाना केव्हाच बंद झालेला. केस पेपर नाही, बिल नाही. शेवटी वहिनींनी लग्नातल्या ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद काढला, टाके काढायला गेल्याच्या वेळचा, तारीख अर्धवट पुसलेली. तो जोडला, पण त्यावर विसंबलो नाही. बोट नाही हे डोळ्यांना दिसतंच, त्याला जुन्या पुराव्याची गरज नसते. आत्ताचा एक्स-रे लागतो, तो काढून घेतला. जुना कागद सापडत नाही म्हणून अर्जच न करणारी माणसं आम्हाला दर महिन्याला भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गुडघ्याबद्दलही एक गोष्ट केली. हाडांच्या डॉक्टरांकडून सध्याची स्थिती लिहून घेतली: गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो, पाय किती आखूड झालाय. 'चालायला त्रास' या दोन शब्दांवर कुठलंच मंडळ टक्के देऊ शकत नाही.

मग दसरा चौकाजवळच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ठरलेल्या वारी तपासणी झाली. जाताना वहिनींनी टॉवेल घरीच ठेवायला लावला. "आज त्यो नगं," एवढंच म्हणाल्या. या वेळी पाय आणि हात दोन्ही तपासले गेले. पायाचे 36 तसेच राहिले, हाताचे 15 आले.

इथं घरात थोडा गोंधळ उडाला. छत्तीस आणि पंधरा एकावन्न होतात, मग प्रमाणपत्रावर 45 कसे? दोन व्यंगं असली की टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच धरतात. 90 मधून तो वजा करतात, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणतात, 90 नं भागतात, आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. इथं 90 वजा 36 म्हणजे 54. 54 गुणिले 15 भागिले 90 म्हणजे 9. 36 आणि 9 मिळून 45. हे गणित केंद्र सरकारच्या मूल्यमापन मार्गदर्शक सूचनांतलं आहे आणि घरी बसून करता येतं. आम्ही ते तपासणीच्या आधीच मुलीकडून वहीत सोडवून घेतलं असतं तर 'सहा टक्के खाल्ले' अशी कुजबुज झाली नसती. समजा हाताचे 8 च टक्के आले असते, तरी बेरीज 40.8 झाली असती. बोटासारखं 'किरकोळ' वाटणारं व्यंग सीमारेषेवरच्या माणसाला किती उपयोगी पडतं ते यावरून दिसेल.

प्रमाणपत्र मात्र कायमचं नाही, मुदतीचं मिळालं. पायातली प्लेट काढल्यावर गुडघ्यात फरक पडू शकतो, असं कारण दिलं गेलं. दादा नाराज झाले. आम्हाला ते कारण रास्त वाटलं.

उत्पन्नाचा दाखला

लोकांना वाटतं प्रमाणपत्र मिळालं की झालं. आमच्या अनुभवात निम्मे अर्ज खरे अडतात ते इथं. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार रुपये आहे. महिन्याला चार हजार एकशे सदुसष्ट. आजच्या दिवसात दोन म्हशींचं दूध घालणारं घरही ती ओलांडेल अशी भीती असते, आणि आमच्या मते ही मर्यादा केव्हाच वाढायला हवी होती. पण आज ती आहे तशी आहे.

नवीन प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा होता. दादांना त्याच दिवशी तहसीलला जायचं होतं. आम्ही थांबवलं. उत्पन्नाचा दाखला साधारण 31 मार्चपर्यंतच वैध असतो. आठ दिवसांसाठी दाखला काढायचा आणि एप्रिलमध्ये परत पहिल्यापासून तलाठ्याचा अहवाल, यात कुणाचंच भलं नव्हतं.

थांबलेल्या काळात एक जास्त नाजूक काम निघालं. रेशन कार्ड एकत्र होतं: आई, धाकटा भाऊ, भावजय, त्यांची मुलं आणि दादांचं कुटुंब. भावाच्या नावावर उसाचं बिल येतं, शिवाय तो गोकुळ शिरगावला एका कारखान्यात कामाला जातो. सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरलं तर मर्यादा सरळच ओलांडली जात होती. प्रत्यक्षात चूल दोन वर्षांपूर्वीच वेगळी झालेली. आई भावाकडे जेवते. म्हणजे कार्ड वेगळं करणं ही लबाडी नव्हती, कागद वस्तुस्थितीच्या मागं राहिला होता एवढंच.

पण आई ऐकेनात. "कार्ड फोडलं की घर फोडलं म्हणतील लोकं." हा निर्णय आम्ही घेण्यासारखा नव्हता, आणि त्यात पडलोही नाही. धाकट्या भावानंच आईला समजावलं. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याला यात काही मिळणार नव्हतं, उलट फेऱ्याच पडणार होत्या. चूल वेगळीच नसती तर मात्र आम्ही हा मार्ग सुचवला नसता. तलाठी घरी आला आणि एकच चूल दिसली, की पुढचे सगळे कागद संशयात जातात.

दुधाचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. दाखल्याचा अर्ज भरून देणारा म्हणाला, "दूध दाखवूच नका." वहिनीही त्याच मताच्या होत्या. दूधबिल दहा दिवसाला बँकेत जमा होतं, पासबुकावर छापलेलं असतं. ते लपवून कुठं जाणार? आम्ही उलटा सल्ला दिला: संस्थेकडून वर्षाचा उतारा घ्या, ज्यात पशुखाद्याची कपात वेगळी दिसते. वहिनी म्हणाल्या, "मी जातो सेक्रेटरीकडं," आणि दुसऱ्या दिवशी उतारा घेऊनच आल्या. कपात एवढी मोठी होती की त्यांनाही नवल वाटलं. वर्षभर म्हशी राखून हातात किती उरतं हे त्यांनी पहिल्यांदाच एका ओळीत पाहिलं असावं. तलाठ्यानं खाद्य आणि वैरण वजा जाता उरलेली रक्कम, शेतातला दादांचा हिस्सा आणि वहिनींची मजुरी धरून 46 हजारांचा अहवाल दिला. त्यावर तहसीलदारांचा दाखला जूनमध्ये मिळाला.

अर्ज, मंजुरी आणि न आलेले पैसे

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेला. वयाचा पुरावा, किमान 15 वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, यूडीआयडी, उत्पन्न, पासबुक. रहिवासाबाबत एक त्रुटी निघाली, ती शाळेच्या दाखल्यावर भागली. समितीच्या बैठकीत अर्ज मंजूर झाला. याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. आधीचे कागद धड असले की हा टप्पा कंटाळवाणा असतो, तसाच तो होता.

मंजुरी आली, पैसे आले नाहीत. हे अनुदान आता थेट लाभ हस्तांतरणानं, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतं. दादांनी दिलेलं पासबुक गावातल्या बँकेचं. बँकेत विचारलं तर उत्तर आलं, "आधार लिंक आहे की." ते खरंही होतं. पण एकाच आधारला अनेक खाती जोडलेली असू शकतात, आणि सरकारी पैसे मात्र राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत जे एक खातं असेल त्यातच जातात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहिली. तिथं भलत्याच बँकेचं नाव. दादांना आठवेना. मुलीला आठवलं: मागं मोबाइलचं सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन एक खातं उघडलं होतं. पैसे तिकडं जात होते.

त्या खात्यातून पैसे काढता आले, बुडाले नाहीत. पण गावातल्या बँकेत लेखी संमतीचा अर्ज देऊन जोडणी बदलून घेतली.

दरम्यान घरात वेगळीच धास्ती होती. दादांचा पगार सुरू झाला तर वहिनींचे लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद होतील का? त्या योजनेतली अट बाईला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लागू होते. नवऱ्याच्या अनुदानाचा तिच्याशी संबंध नाही. हे आधीच विचारलं असतं तर वहिनींनी चार दिवस झोप घालवली नसती. पण हा प्रश्न बायका सगळ्यात शेवटी, चहा देताना विचारतात.

निकाल

दादांना संजय गांधी योजनेचं अनुदान सुरू आहे. ही रक्कम 2023 पासून दीड हजार होती. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती अडीच हजार झाली, त्यामुळे त्यांना सुरुवातीलाच वाढीचा फायदा मिळाला. एसटीत 75 टक्के सवलत मिळते. साथीदाराच्या सवलतीला दिव्यांगता 65 टक्क्यांच्या वर लागते, ती त्यांना नाही. वहिनींना महिला सन्मान योजनेत अर्धं तिकीट तसंही आहेच, त्यामुळे दोघं सीपीआरला जातात तेव्हा फार फरक पडत नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यासाठी दादांनी अर्ज दिला आहे. ग्रामसेवकांनी यादीत नाव घेतलं, पैसे मिळालेले नाहीत. गावात बहुतेकांना हा निधी असतो हेच माहीत नव्हतं. दादांचा अर्ज बघून आणखी काहींनी अर्ज केले, आणि आता ग्रामसभेत तो विषय निघतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या अर्जाच्या आधी कुणीतरी दादांना डोक्यापासून पायापर्यंत विचारायला हवं होतं: ऐकायला कसं येतं, दिसतं कसं, दोन्ही हात, दोन्ही पाय, जुन्या जखमा. अर्ज भरून देणाऱ्याचं ते काम नाही, शिबिरातल्या डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून हे घरच्यांनी किंवा आमच्यासारख्यांनी करायचं. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा प्रश्न विचारतो आणि उत्तर माणसाकडून न घेता त्याच्या बायकोकडून किंवा आईकडून घेतो.

आधार जोडणी शेवटी न बघता पहिल्या दिवशी बघता आली असती. पाच मिनिटांचं काम. रेशन कार्डही चूल वेगळी झाली तेव्हाच वेगळं करता आलं असतं, पण ते घरच्यांच्या मनावर होतं आणि त्याला बाहेरच्यानं घाई करण्यात अर्थ नव्हता.

एका मुद्द्यावर आमच्यातच अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं, फेरतपासणीबरोबर अपीलही त्याच दिवशी दाखल करायला हवं होतं. तारीख लिहून ठेवणं म्हणजे कॅलेंडरवर भरवसा ठेवणं. मला वाटतं दोन्ही एकदम केलं असतं तर दोन्हीकडून 'तिकडचा निर्णय येऊ द्या' हेच उत्तर आलं असतं. दादांच्या बाबतीत मुदतीच्या आत काम झालं, म्हणून हा वाद सुटला नाही, नुसता टळला.

पुढं दोन तारखा आहेत. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तो चुकला की अनुदान थांबतं. आणि प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. पायातली प्लेट काढायची की नाही, हे दादांनी अजून ठरवलेलं नाही. डॉक्टर काढा म्हणतात. काढली आणि गुडघा सुधारला तर टक्के कमी होतील का, असं त्यांनी आम्हाला विचारलं. होऊ शकतात, असं सांगितलं. शस्त्रक्रियेचा निर्णय टक्क्यांकडे बघून घेऊ नका, हेही सांगितलं. ते दिवाळीनंतर बघू म्हणाले.